काम संपताच विरघळणारा धातू



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा त्यांच्या मनात काय होते हे आम्ही ओळखून होतो. तीस वर्षे कामगार संघटनेत घालवलेला मनुष्य बोलेल तो किमान वेतनावर, ठेकेदारीवर, फार तर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला जाणाऱ्या आपल्या माणसांच्या मजुरीवर. आम्ही कळवले की आम्ही मॅग्नेशियमच्या पापुद्र्यांवर बोलू. फोनवर बराच वेळ शांतता होती. मग चालक म्हणाले, "तुम्ही म्हणाल ते. पण लोकांना समजेल असे बोला." ही अट आम्हांस मान्य आहे. आम्हांस स्वतःला जेवढे समजले तेवढेच आम्ही बोलणार आहोत, आणि आमची शाळा नववीत सुटलेली आहे.

या टेबलावर दोन पेले आहेत. एकात लिंबाचा रस आहे. दुसऱ्यात मिठाचे पाणी असून त्यात चार दिवसांपूर्वी टाकलेली एक राखी पट्टी आहे. ज्यांनी शाळेत शास्त्र शिकले त्यांनी ती ओळखली असेल. गुरुजी ती चिमट्यात धरून पेटवीत आणि वर्गात डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडे. तीच ही मॅग्नेशियमची फीत. तिचाच एक बोटभर तुकडा आम्ही आता लिंबाच्या रसात टाकतो. बुडबुडे येऊ लागले आहेत ते पुढच्या रांगेस दिसत असतील. त्याला त्याचे काम करू द्या, आपण आपले करू.

आम्ही या विषयाकडे वळलो तो पायाने. १९९६ साली आम्ही काम करीत होतो त्या कारखान्यात प्रेसचा डाय घसरून आमच्या उजव्या पायावर आला आणि नडगीचे हाड मोडले. डॉक्टरांनी पोलादाची पट्टी घालून ती आठ स्क्रूंनी हाडाला आवळली. साडेतीन महिने आम्ही घरी होतो. दीड वर्षाने पट्टी काढण्यासाठी पुन्हा टेबलावर चढलो. सात स्क्रू निघाले. आठव्याची खाच झिजली, तो फिरेना, आणि तो आजही आमच्या पायात आहे. पहिल्या खेपेस अपघात होता, म्हणून साहेब लोकांनी विचारपूस तरी केली. दुसऱ्या खेपेस मुकादम म्हणाला, "आता पुन्हा काय झाले?" खरे सांगायचे तर काहीच झालेले नव्हते. हाड जुळले होते, पट्टीचे काम संपले होते, आणि काम संपलेली पट्टी बाहेर काढण्यासाठी आमचा सहा आठवड्यांचा पगार बुडाला. पुढे संघटनेचे काम करताना कितीतरी माणसे आम्हांस अशी भेटली की ज्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खाडा परवडत नाही म्हणून पट्टी तशीच पायात ठेवली. थंडीत ती ठणकते, असे ती सांगतात.

त्या वेळी आम्ही डॉक्टरांना विचारले होते, "हाड जुळल्यावर ही आपोआप नाहीशी होईल अशी पट्टी का करीत नाहीत?" डॉक्टर हसले. पण प्रश्न वेडगळ नव्हता हे आम्हांस फार उशिरा कळले. तो प्रश्न जगात पूर्वीच विचारला गेला होता, त्याचे उत्तर हाती आले होते, हातातून निसटले होते, आणि पुन्हा शोधले जात होते.

आपल्या भागातील हाडवैद्य मोडलेल्या हातापायाला बांबूच्या कामट्या बांधतात. हाड जुळले की कामट्या सोडून टाकतात. हाडवैद्याकडे जावे की ग्रामीण रुग्णालयात, हा वाद आज आम्हांस काढायचा नाही. हाड बाहेर आले असेल किंवा सरकले असेल तर रुग्णालयात जावे, एवढेच सांगतो. पण कामटीत दोन गुण आहेत ते लक्षात घ्या. ती जरा लवते, आणि ती वेळेवर निघून जाते. पोलादाच्या पट्टीत हे दोन्ही गुण नाहीत.

लवण्याचे महत्त्व आधी सांगतो. कारखान्यात आम्ही काही वर्षे टेन्साइल मशीनवर मदतनीस होतो. नमुना दोन जबड्यांत धरायचा, ओढायचा आणि काटा पाहायचा. तेथे पहिली गोष्ट शिकलो ती ही, की 'मजबूत' हा एक शब्द नसून त्यात तीन शब्द आहेत. एक ताठपणा, म्हणजे ओढल्यावर वस्तू किती कमी ताणली जाते. दुसरे बळ, म्हणजे किती ओढीला ती तुटते. तिसरे, तुटण्यापूर्वी ती किती लांबते. काच ताठ असते पण लांबत नाही. तांब्याची तार मात्र तुटण्यापूर्वी पुष्कळ लांबते. एकाच वस्तूत तिन्ही गुण भरपूर मागणे म्हणजे कमी पगारात, सुट्टी न घेणारा आणि कुशल असा कामगार मागण्यासारखे आहे.

आता हाडाचा ताठपणा एक धरा. त्या मापाने पोलादाचा ताठपणा सुमारे दहा भरतो, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा पाच-साडेपाच, आणि मॅग्नेशियमचा दोनच्या थोडा वर. ताठ पट्टी आणि मऊ हाड शेजारी शेजारी बांधले की भार सगळा ताठ गडी उचलतो. यात हाडाचा फायदा होईल असे वाटते, पण तसे होत नाही. ज्युलियस वोल्फ या जर्मन शस्त्रवैद्याने १८९२ साली मांडले की हाडावर जसा भार पडेल तसे हाड स्वतःला घडवीत असते. भार नाही तर घडण नाही. पोलादाच्या आडोशाला राहिलेले हाड हळूहळू विरळ होते आणि पट्टी काढल्यावर पुन्हा मोडण्याची भीती राहते. मॅग्नेशियमचा ताठपणा हाडाच्या जवळचा असल्यामुळे तो भार वाटून घेतो. शिवाय तो हलका आहे. पाण्याच्या पावणेदोन पट वजनाचा, म्हणजे पोलादाच्या पावभागाहूनही कमी.

दुसरा गुण निघून जाण्याचा. मॅग्नेशियम पाण्यात गेला की पाण्याशी झगडतो आणि त्यातून दोन पदार्थ होतात. एक हायड्रोजन वायू, तेच हे बुडबुडे. दुसरा एक पांढरा पदार्थ, आणि तो तुमच्या ओळखीचा आहे. पोट साफ होण्यासाठी निळ्या बाटलीतले जे पांढरे औषध घरोघर घेत, ते मिल्क ऑफ मॅग्नेशिया म्हणजे हाच पदार्थ पाण्यात कालवलेला. शरीराला मॅग्नेशियम परका नाही. मोठ्या माणसाच्या अंगात तो सुमारे २५ ग्रॅम असतो, त्यातला निम्म्याहून अधिक हाडांत. दिवसाला तीन-चारशे मिलिग्रॅम आपण अन्नातून घेतोच, आणि आपली नागली त्या बाबतीत मुळीच कंजूष नाही.

मग हे सारे ठाऊक असताना पोलाद का आले? येथे थोडा इतिहास सांगितला पाहिजे. १८०८ साली लंडनमध्ये हम्फ्री डेव्हीने हा धातू वेगळा काढला. १८७८ साली एडवर्ड ह्यूस नावाच्या अमेरिकन डॉक्टराने रक्त वाहणाऱ्या नसा मॅग्नेशियमच्या तारेने बांधल्या. १९०० च्या सुमारास ऑस्ट्रियातील ग्राझ येथे एर्विन पायर यांनी तुटलेल्या रक्तवाहिन्या जोडण्यासाठी त्याच्या बारीक नळ्या वापरून पाहिल्या. आणि १९०६-०७ च्या सुमारास बेल्जियमचे अल्बिन लांबॉत यांनी एका रुग्णाच्या मोडलेल्या पायात मॅग्नेशियमची पट्टी घातली. खिळे मात्र पोलादाचे, वर सोन्याचा मुलामा दिलेले. आठ दिवसांत पट्टीचे तुकडे झाले आणि कातडीखाली वायूचा मोठा फुगा झाला.

असे का झाले हे समजायला तुम्हांस गिझर दुरुस्त करणारा मिस्त्री पुरेल. गिझरच्या पोलादी टाकीत एक कांडी सोडलेली असते आणि ती पुष्कळदा मॅग्नेशियमची असते. पाण्यात दोन धातू एकमेकांस जोडले की कमी दर्जाचा धातू झिजतो आणि वरच्या दर्जाचा वाचतो. कांडी खाऊन टाकली जाते, टाकी शाबूत राहते. म्हणून मिस्त्री दोन-तीन वर्षांनी कांडी बदलतो. रक्तात आणि मांसात मीठ असतेच. लांबॉत यांनी नकळत रुग्णाच्या पायात गिझर बसवला होता. त्यांनी चूक हुडकली आणि पुढे सगळेच मॅग्नेशियमचे वापरून पाहिले, हा त्यांचा मोठेपणा. पण तोवर न गंजणारे पोलाद बाजारात आले आणि हा धातू दवाखान्यातून मागे पडला.

त्याला आणखी एक कारण होते. त्या काळचे मॅग्नेशियम शुद्ध नसे. त्यात लोखंडाचा अंश राही, आणि लोखंडाचा प्रत्येक कण म्हणजे आत दडलेला पोलादी खिळाच. हानावॉल्ट आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी १९४२ साली दाखवले की दहा लाख भागांत लोखंडाचे १७० भाग, एवढी हद्द ओलांडली की मॅग्नेशियम एकदम भराभर गंजू लागतो. पोतेभर तांदळात चमचाभर खडे असावेत, इतके हे प्रमाण. त्यापायी एक संपूर्ण उपचारपद्धती साठ-सत्तर वर्षे अडून राहिली.

आता शुद्धता साधली आहे आणि धातू परतला आहे. २०१३ साली जर्मनीतील हॅनोव्हरच्या एका कंपनीच्या मॅग्नेशियम स्क्रूला युरोपात मान्यता मिळाली. २०२३ साली फिनलंडच्या कंपनीच्या स्क्रूला अमेरिकेत मिळाली. पायाच्या घोट्याजवळचे किंवा अंगठ्याचे हाड जुळवायचे, आणि पुढे स्क्रू काढायला कोणी बोलवायचे नाही. आमच्या आठव्या स्क्रूच्या दृष्टीने ही बातमी सत्तावीस वर्षे उशिरा आली.

परंतु आम्ही स्क्रूवर नव्हे, पापुद्र्यावर बोलणार म्हटले होते. पापुद्रा म्हणजे किती पातळ? कारखान्यात मायक्रोमीटर हाताळलेल्यांना मायक्रॉन सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड. पोळ्या गुंडाळायची चकचकीत पन्नी १०-२० मायक्रॉनची. आणि बटाट्याच्या वेफर्सच्या पुडीला आतून जी चमक असते तो ॲल्युमिनियमचा थर तर मायक्रॉनचाही लहानसा अंश असतो. आमचे पापुद्रे मायक्रॉनच्या काही दशकांचे, म्हणजे पन्नीच्या जवळपासचे.

इतके पातळ कशाला? कारण शरीरात अशा जागा आहेत की जेथे स्क्रू शिरत नाही. मेंदूतील रक्तवाहिनी आहे. जबड्याचे हाड भरून यावे म्हणून हिरडीखाली आडोसा ठेवायची जागा आहे. तेथे शुद्ध मॅग्नेशियमचा पातळ पत्रा युरोपात अलीकडे वापरात आलाही आहे. आणि लहान मुलांच्या वाहिन्या आहेत. २००५ साली जर्मनीतील डॉक्टरांनी दिवस पुरे न होता जन्मलेल्या एका बाळाच्या फुप्फुसाच्या धमनीत मॅग्नेशियमची विरघळणारी जाळी बसवल्याचे प्रसिद्ध केले. विचार करा, मूल वाढते, त्याची धमनी वाढते, पोलादाची नळी मात्र वाढत नाही. आज जीव वाचवणारी नळी उद्या गळफास होते. तेथे निघून जाणे ही चैन राहत नाही, ती गरज होते.

पातळपणाचा आणखी एक फायदा हिशेबाने दाखवतो. एक ग्रॅम मॅग्नेशियम झिजला की सुमारे एक लिटर हायड्रोजन सुटतो. पाच ग्रॅमची पट्टी म्हणजे पाच लिटर, आणि लांबॉत यांच्या रुग्णाचे दुखणे हेच. पण दोन सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि २० मायक्रॉन जाड असा पापुद्रा घ्या. त्याचे वजन भरते १४ मिलिग्रॅम. वायू सुटणार एक मोठा चमचाभर, तोही आठवड्यांत पसरून. मॅग्नेशियमचे म्हणाल तर तुमच्या आजच्या जेवणात त्याच्या कितीतरी पट असेल.

असे पापुद्रे करण्याची रीत लाटण्याची नाही. मॅग्नेशियम थंड असताना लाटू गेले तर चिरतो. जर्मनीतील कील येथील विद्यापीठात एका गटाने ही वेगळी रीत बरीच वर्षे चालवली आहे. बंद पेटीतून हवा काढून घेतात आणि थोडा आरगॉन वायू सोडतात. विजेच्या जोरावर त्या वायूचे कण मिश्रधातूच्या जाड चकतीवर आदळतात आणि तिच्यातून अणू उडवतात. ते अणू समोरच्या गुळगुळीत सिलिकॉनच्या तबकडीवर बसत जातात, रात्री पत्र्यावर दव बसावे तसे. मधला एक थर शेवटी विरघळवून टाकतात आणि पापुद्रा सुटा होतो. त्याला हवा तो आकारही तेथेच, छायाचित्राच्या रीतीने, कातर न लावता देता येतो. कातर का नको? कातरीने कडेला खाच पडते आणि ओढताना पापुद्रा नेमका त्या खाचेतून फाटतो. कापड फाडणाऱ्या दुकानदाराला हे माहीत असते, म्हणून तो आधी एक टिचकी मारतो.

आता हा पापुद्रा ओढला तर काय होते? येथे विषयाचा गाभा आहे, म्हणून जरा थांबून पाहू. धातू म्हणजे बारीक दाण्यांची वीण असते. दाणे जितके लहान तितके बळ जास्त, हा नियम हॉल यांनी १९५१ साली आणि पेच यांनी १९५३ साली मांडला. आपल्या उतारावरची भाताची खाचरे आठवा. एकच मोठे शेत असले तर पाणी एका दमात खाली धावते. लहान खाचरांत ते प्रत्येक बांधाला अडते. धातूच्या आत जी घसरण होते ती दाण्यादाण्याच्या सीमेवर अशीच अडते. अणू-अणू बसवून केलेल्या पापुद्र्यात दाणे फारच बारीक असतात, म्हणून ओतीव धातूपेक्षा त्याचे बळ पुष्कळ अधिक भरते.

पण ताणून लांबण्याच्या बाबतीत तो हट्टी आहे. मॅग्नेशियमचे अणू थरावर थर असे रचलेले असतात, पत्त्यांच्या कॅटसारखे. थंड असताना हे थर एकमेकांवरून घसरतात ते मुख्यतः एकाच दिशेने. कॅट वरून ढकलला तर पत्ते सरकतात. पण सगळा कॅट दोन्ही टोकांनी धरून लांबीला ओढला तर एकही पत्ता सरकत नाही. पापुद्र्यात हे पत्ते बहुतेक आडवे, पृष्ठभागाला समांतर बसलेले असतात. मग लांबीला ओढले की घसरणीला वाट नाही. तो ताण सहन करतो, करतो, आणि थोडेसेच लांबून तुटतो. आमच्या ओळखीची काही माणसेही अशीच आहेत. जाळीला तर उलट गुण हवा असतो. ती दुमडून आत न्यायची आणि जागेवर नेऊन फुगवायची, तेव्हा तिची काडी वाकताना न चिरता लांबली पाहिजे.

यावर उपाय मिश्रणाचा. डब्ल्यूई-४३ या नावाचा मिश्रधातू आहे. त्यात शेकडा चार भाग इट्रियम आणि तीन भाग निओडिमियमसारखी दुर्मिळ मूलद्रव्ये असतात. ही मिसळली की बळ वाढते, थर इतर दिशांनीही घसरू लागतात आणि गंजणेही मंदावते. पण भट्टीत ओतलेल्या धातूत ही मूलद्रव्ये सगळी विरघळून राहत नाहीत, काहींचे वेगळे कण होतात. असा प्रत्येक कण म्हणजे पुन्हा लांबॉत यांचा खिळा. पापुद्रा अणू-अणू बसवून केलेला असल्यामुळे त्यात हे कण टाळता येतात, आणि कीलच्या लोकांनी २०१३ साली असे कणरहित पापुद्रे करून त्यांचे बळ आणि झीज मोजून प्रसिद्ध केली. २०१९ साली मॅग्नेशियम आणि चांदीच्या पापुद्र्यांची मोजमापेही आली. चांदी जंतूंना मानवत नाही, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होते.

आता आमच्या मते या सगळ्या मोजमापांत एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि ती टेन्साइल मशीनवर उभ्या राहिलेल्या माणसाला लवकर पटते. आम्ही जे नमुने ओढत होतो ते आज ओढले काय नि महिन्याने काय, काटा तेथेच थांबे. या धातूचे तसे नाही. त्याचे पहिल्या दिवसाचे बळ सांगून काहीच कळत नाही. प्रश्न असा की विसाव्या दिवशी किती, साठाव्या दिवशी किती?

समजा पापुद्र्याची एक पट्टी आहे, एक मिलिमीटर रुंद आणि २० मायक्रॉन जाड. दर चौरस मिलिमीटरला २५ किलो एवढे तिचे बळ धरा. तर ती अर्ध्या किलोच्या वजनाला तुटेल. आता समजा ती वर्षाला २०० मायक्रॉन या वेगाने झिजते. ऐकायला हा वेग फार नाही, वर्षाला मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. पण झीज दोन्ही बाजूंनी होते, प्रत्येक बाजूने दहाच मायक्रॉन आहेत, म्हणजे अठरा दिवसांत पट्टी संपली. हाडाला जुळायला सहा ते बारा आठवडे लागतात. बारा आठवडे टिकायचे तर वेग वर्षाला चाळीस-पंचेचाळीस मायक्रॉनवर आणला पाहिजे, आणि तोही केवळ शेवटच्या दिवशी शून्य होण्यासाठी. बळ उरायला हवे तर आणखी कमी. म्हणून कोणी तुम्हांस सांगितले की या पापुद्र्याने मांडीचे हाड जोडता येते, तर विश्वास ठेवू नका. त्याची कामे वेगळी आहेत.

हाही हिशेब झीज सगळीकडे सारखी होते असे धरून झाला. ती तशी होत नाही. आता हा दुसरा पेला पाहा. मिठाच्या पाण्यात चार दिवस असलेली पट्टी आम्ही बाहेर काढतो. हिचा बराच भाग अजून चकचकीत आहे. येथे मात्र काळा डाग पडला आहे आणि त्यावर पांढरी भुकटी आहे. अध्यक्ष महाराज, आपण दोन्ही टोके धरून हलकेच ओढावी. तुटली. कोठे तुटली ते सभेला दाखवावे. डागावरच. बाकीची नव्वद टक्के पट्टी चांगली होती, तिचा काही उपयोग झाला नाही.

जाड पट्टीत दहा मायक्रॉन खोल खड्डा पडला तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. वीस मायक्रॉनच्या पापुद्र्यात तोच खड्डा म्हणजे अर्धी भिंत. त्यातून ती ओढीखाली असेल तर खड्ड्याच्या तळाशी चीर सुरू होते, चिरेत खारे पाणी शिरते आणि चीर पुढे जाते. ताण आणि गंज हे दोघे वेगवेगळे येतात तेव्हा सोसवतात, एकत्र आले की सोसवत नाहीत. म्हणून वर्षाला सरासरी झीज किती हा आकडा आम्हांस कारखान्याच्या सरासरी पगाराच्या आकड्यासारखा वाटतो. साहेबाचा आणि झाडूवाल्याचा पगार एकत्र करून काढलेल्या त्या आकड्याने झाडूवाल्याची चूल पेटत नाही. पापुद्र्याबद्दल विचारायचे ते हे, की सर्वांत खोल खड्डा किती आणि कितव्या दिवशी.

जाडीचे महत्त्व आणखी एका बाजूने आहे, आणि त्यात पैशाचाही प्रश्न आहे. हृदयाच्या धमनीत बसवायच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या चांगल्या जाळीची काडी आज साठ ते ऐंशी मायक्रॉनची असते. काडी जाड झाली की रक्ताच्या वाटेत ती दगडासारखी आडवी येते आणि गुठळीची भीती वाढते. विरघळणाऱ्या प्लास्टिकच्या जातीच्या पदार्थाची ॲब्सॉर्ब नावाची जाळी अमेरिकेत जुलै २०१६ मध्ये मान्य झाली. तो पदार्थ धातूच्या मानाने फारच लवचीक, म्हणून काडी दीडशे मायक्रॉनची करावी लागली. तिच्यात गुठळ्या अधिक होतात असे दिसले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने विक्री थांबवली. जर्मनीची मॅगमारिस ही मॅग्नेशियमची जाळी २०१६ साली युरोपात आली तीही दीडशे मायक्रॉनचीच. २०२४ साली मान्य झालेल्या तिच्या पुढच्या आवृत्तीत लहान मापाच्या जाळीची काडी शंभरच्या किंचित आत आली आहे. वीस वर्षांची मेहनत आणि पन्नास मायक्रॉनची कमाई. आम्ही या लोकांना हसत नाही. आमच्या काही करारांना याहून जास्त वर्षे लागली आणि हाती याहून कमी आले.

आपल्याकडे याचे काय? आपल्या बाजूच्या डोंगरांतून उतरणारी दमणगंगा ज्या वापीजवळून समुद्राकडे जाते, त्या वापीतील मेरिल कंपनीने मेरेस-१०० नावाची विरघळणारी जाळी केली आहे. ती धातूची नाही. दह्यात जे आम्ल असते त्याच आम्लाचे रेणू साखळीसारखे जोडून केलेल्या पदार्थाची आहे. काडी मात्र शंभर मायक्रॉनची, आणि पहिली चाचणी भारतातील १०८ रुग्णांवर झाली. आपल्यातली किती मुले कामासाठी वापीला जातात हे आम्ही सांगायला नको. त्यांनी निदान एवढे ओळखून असावे की त्या गावात रंग आणि रसायनांखेरीज हेही होते.

किमतीचे सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय आम्हांस घरी झोप येणार नाही. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने हृदयाच्या जाळ्यांची कमाल किंमत बांधली. साध्या जाळीला ७,२६० रुपये, आणि औषध लावलेल्या तसेच विरघळणाऱ्या जाळीला २९,६०० रुपये. त्यापूर्वी औषधवाली जाळी लाखाच्या वर लावली जात असे. हा निर्णय आपोआप झाला नाही. दिल्लीच्या उच्च न्यायालयात एका वकिलाने लोकहिताचा अर्ज केला, मग जाळ्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आल्या आणि मग किंमत बांधली गेली. तेव्हा कंपन्यांचे म्हणणे असे होते की नवी वस्तू आणि जुनी वस्तू एकाच भावात धरली तर नवे शोध येणार नाहीत. हे म्हणणे सगळेच खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. पेटीतील पोकळीत अणू-अणू बसवायला पैसा लागतो. पण हिशेब करताना दुसरा खर्चही मांडावा. पट्टी काढायची शस्त्रक्रिया, त्या सहा आठवड्यांची मजुरी, सोबत राहिलेल्या बायकोची मजुरी, आणि हरसूलहून नाशिकला केलेल्या खेपा. द्राक्षाच्या छाटणीत पडून हात मोडलेल्या मजुराकडे राज्य विम्याचे कार्ड नसते. त्याचा खर्च कोणाच्या वहीत लिहिला जात नाही, म्हणून तो झालाच नाही असे नाही. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांची किंमत ऑगस्ट २०१७ मध्ये बांधली गेली. विरघळणारे स्क्रू आपल्या दवाखान्यांत येतील त्या दिवशी हा प्रश्न पुन्हा उभा राहील, आणि तेव्हा संघटनांनी झोपलेले असू नये.

एक गोष्ट कबूल करून टाकतो. 'काम संपताच नाहीसा होणारा' हे वर्णन आम्ही प्रथम वाचले तेव्हा आमच्या कपाळाला आठी पडली होती. हेच वर्णन आम्ही मालकांच्या तोंडून कंत्राटी कामगाराबद्दल ऐकत आलो आहोत. माणसाबद्दल ते ऐकून घेणार नाही. धातूबद्दल मात्र आमची काही तक्रार नाही, आमच्या आठव्या स्क्रूला तर ते लागू व्हावे अशीच इच्छा आहे.

वेळ झाली आहे. लिंबाच्या पेल्यातला तुकडा आता दिसत नाही. तळाशी काही बारीक कण आहेत तेवढेच. शेवटच्या रांगेतील मुलांनी पुढे येऊन पाहावे, पण रस पिऊ नये. आमच्या पायाचा एक्स-रेही आम्ही सोबत आणला आहे. दिव्यासमोर धरला की आठवा स्क्रू स्पष्ट दिसतो. ज्यांना प्रश्न विचारायचे आहेत त्यांनी इकडे टेबलापाशी यावे.